तिसऱ्याचा भत्ता

चौकातल्या फलकावर पाच जणांचं एक कुटुंब हसत उभं होतं, आणि इस्त्रीवालीला त्यांच्या हसण्याआधी त्यांच्या घड्या दिसल्या. बापाच्या शर्टावर एक आडवी आणि एक उभी घडी होती. म्हणजे शर्ट फोटोच्याच दिवशी खोक्यातून काढलेला. टाचण्या अजून खिशात असणार. आईच्या बाहीत किमतीची चिठ्ठी आत सारल्याचा फुगवटा होता, म्हणजे फोटो झाल्यावर कपडे दुकानात परत. तीन मुलं होती, तिन्ही गुटगुटीत, आणि तिघांचेही गुडघे एकजात स्वच्छ. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आता तिसऱ्यालाही!'

"आई, हे कोण?" थोरलीने विचारलं. धाकटं तिच्या कडेवर होतं.

"गरीब," इस्त्रीवाली म्हणाली.

थोरलीने फलकाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "मग आपण कोण?"

"आपण अर्जदार."

बारा वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी दाबल्यावर इस्त्रीवालीला माणसं दिसेनाशी झाली होती. तिला कापड दिसायचं. चेहरा कुणीही धुऊन येतो, पण कॉलरच्या आतली कड खोटं बोलत नाही, असं तिचं मत होतं. या मतामुळे तिचा जगाविषयीचा आदर बराच कमी झाला होता आणि कामाचा वेग वाढला होता.

बालभत्ता आजवर दोन मुलांपर्यंत मिळायचा. तिसरं मूल हा सरकारच्या लेखी आईबापाचा आगाऊपणा होता. त्याने जन्माला यायला हरकत नव्हती, पण खायचं ते भावंडांच्या ताटातलं. मग वरच्या कुणीतरी आकडे पाहिले, किंवा निवडणूक पाहिली, आणि भत्ता वाढवला. वाढवला म्हणजे जाहीर केला. जाहीर करणं आणि देणं यांच्यामध्ये एक इमारत असते, तिला कार्यालय म्हणतात.

इस्त्रीवालीचं तिसरं दहा महिन्यांचं होतं आणि नुकतंच रांगायला लागलं होतं. लाँड्रीच्या गल्लीतच एक पाळणाघर होतं. तिथली महिन्याची फी आणि तिसऱ्याचा भत्ता जवळजवळ सारखेच होते. हा योगायोग कार्यालयाच्या लक्षात आला नव्हता, नाहीतर त्यांनी तो वेळीच दुरुस्त केला असता. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, बारा-बारा दिवस बाहेर. सासू घरात असायची, पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला बाळ ऐकू यायचं, दिसायचं नाही. आणि रांगणारं बाळ स्टोव्हपाशी जातं तेव्हाच नेमकं गप्प असतं. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस, इस्त्रीवालीची सकाळपाळी असली की, अकरा वर्षांची थोरली शाळेऐवजी घरी. वर्गशिक्षिकेने दोनदा निरोप धाडला होता: असंच चाललं तर पोर पुढच्या वर्षीही याच बाकावर बसेल. थोरलीने तो निरोप आईला न अडखळता, जसाच्या तसा सांगितला होता आणि मग भांडी घासायला बसली होती. इस्त्रीवालीला ते न अडखळणंच जास्त लागलं होतं.

म्हणून अर्ज. अर्जानंतर दोन महिन्यांनी पत्र: 'गृहभेट मंगळवारी, दहा ते एक या वेळेत. अर्जदाराने हजर राहावे. घर नेहमीच्या स्थितीत असावे.'

हे शेवटचं वाक्य तळमजल्यावरच्या कमांडरने वाचलं आणि ती पोट धरून हसली.

कमांडर ही एका मोठ्या हॉटेलातून निवृत्त झालेली, खोल्या साफ करणाऱ्या बायांची मुकादम. चार मजल्यांच्या त्या इमारतीत तिचा शब्द घरमालकापेक्षा जड होता. इमारतीत गृहभेट कुणाच्याही घरी असो, आदल्या संध्याकाळी 'खोली उतरवायची' असा रिवाज होता आणि उतरवण्याचं सगळं कमांडरच्या हातात. अंगावरचे दागिने उतरवावेत तशी खोली उतरवायची. कारण कार्यालयाच्या फॉर्मवर वस्तूंची एक यादी होती, आणि ती यादी ज्यांनी केली त्यांच्या मते फ्रिज असलेला माणूस गरीब नसतो. फ्रिज कुठून आला, तो चालतो की नुसता गुरगुरतो, हा प्रश्न यादीत नव्हता. इस्त्रीवालीचा फ्रिज हॉस्पिटलच्या भंगारातून आला होता. त्याच्या दारावर अजून 'रक्तनमुने' असं लिहिलेलं होतं. तरी यादीपुढे तो फ्रिजच.

तेव्हा सोमवारी संध्याकाळी फ्रिज दुसऱ्या मजल्यावर शिंपीदादाकडे गेला. टीव्ही चौथ्या मजल्यावर. पंखा, भिंतीवरचं घड्याळ, पडदे, मुलांचं टेबल, पुस्तकांचं फडताळ, गादी, सगळं जिन्याने हललं. त्या बदल्यात इमारतीच्या सामाईक मालकीच्या दोन वस्तू वर आल्या: एक तीन पायांची खुर्ची आणि एक गळकी बादली. चौदा गृहभेटी या जोडीने पार पाडल्या होत्या आणि एकदाही नापास झाल्या नव्हत्या.

"खुर्ची खिडकीच्या उजेडात," कमांडरने हुकूम सोडला. "बादली अशी मधोमध. वर बघायला लावायचं त्यांना."

"छत गळत नाही," सासू म्हणाली. तिला उगाच खोटं बोलणं आवडत नसे.

"छताला काय कळतंय? आणि हे बघ, उद्या थोरलीला शाळेत धाडू नकोस. जिन्यावर बसव पहाऱ्याला. गाडी आली की तिने खोकायचं."

इस्त्रीवाली जरा थबकली. उद्या तिची स्वतःची रजा होती, म्हणजे थोरलीची शाळा होती. पण खोली चौदा वेळा पास करणाऱ्या बाईपुढे काय बोलणार? "बरं," ती म्हणाली. पुढे सहा महिने हा 'बरं' तिला आठवत राहिला.

मंगळवारी साडेदहाला थोरली खोकली. मग पुन्हा खोकली. मग धावत वरच आली.

"दोघं आहेत."

"दोघं कशी? नेहमी एकच येतो."

"एक म्हातारे आणि एक मॅडम. मॅडमनी मला विचारलं, आज शाळा नाही का?"

"मग?"

"मी खोकले."

आत आधी आले ते जुने साहेब. ही तपासणी तेच गेली कित्येक वर्षं करत आले होते. इस्त्रीवालीने सवयीने त्यांची कॉलर पाहिली. कॉलर उलटवून पुन्हा शिवलेली होती, झिजलेली बाजू आत. काम चांगलं होतं, पण हाताने केलेलं. बायकोने केलं असावं. त्यामुळे त्यांच्याविषयीचा तिचा तिरस्कार थोडा पातळ झाला. पूर्ण नाही.

मागून नव्या मॅडम आल्या. त्यांनी लिननचा कोट घातला होता. लिनन चुरगळतंच, आणि ज्यांना ते परवडतं त्यांना चुरगळलेलंही शोभून दिसतं. हातात टॅबलेट, ओठांवर सहानुभूती. सहानुभूतीलाही शर्टाच्या खोक्यातल्या घड्या होत्या.

"भत्ता आता विस्तारित झालाय ना," जुने साहेब जिन्याचा दम खात म्हणाले, "म्हणून विभागही दोन झाले. माझा उत्पन्न पडताळणी. मॅडमचा बालस्नेही वातावरण. गाडी मात्र एकच आहे, म्हणून एकत्र." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! ही इथे आहे होय!"

ते थेट तीन पायांच्या खुर्चीकडे गेले, तिला भिंतीशी नेमक्या कोनात टेकवलं आणि सराईतपणे बसले. अनोळखी माणूस त्या खुर्चीवर पहिल्या झटक्यात पडायचाच.

इस्त्रीवालीने कमांडरकडे पाहिलं. कमांडर दारात उभी राहून प्रथमच कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

"मागच्या खेपेला ही तळमजल्यावर होती," साहेब खिशातून पेन काढत म्हणाले. "त्याआधी चौथ्यावर. बरी सांभाळलीत. हं. फ्रिज?"

"नाही."

"टीव्ही?"

"नाही."

"छत?"

सगळ्यांनी बादलीकडे पाहिलं. बादलीखाली ओल होती. ती सकाळीच भरून ठेवली होती आणि तिने आपलं काम केलं होतं.

"गळतं," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "झालं माझं. पात्र."

दहा मिनिटांत निकाल. कमांडरच्या खांद्यांत पुन्हा जीव आला. इस्त्रीवाली चहा टाकायला वळली, तेवढ्यात मॅडमनी घसा साफ केला.

"एक मिनिट. माझं तर आता सुरू होतंय." त्यांनी टॅबलेटवर बोट ओढलं. "मुलांसाठी अभ्यासाचं टेबल?"

"नाही," इस्त्रीवाली जोरात म्हणाली. सवयच लागली होती.

"पुस्तकं?"

"अजिबात नाही."

"खेळणी?"

"एकसुद्धा नाही, मॅडम."

"बाळाचं दूध थंड ठेवायची सोय?"

"छे!"

"खिडकीला पडदा, झोपायला गादी, उन्हाळ्यात हवा खेळती राहायची सोय?"

"मॅडम, तुम्ही बघताच आहात," इस्त्रीवाली म्हणाली आणि आवाजात थोडी कातरता आणली. कमांडरने मागून समाधानाने मान हलवली.

मॅडमनी टॅबलेटवरची बेरीज पाहिली. "शंभरपैकी अकरा," त्या हळूच म्हणाल्या. "साठ लागतात. ताई, मला वाईट वाटतं, पण इथे मुलांसाठी काहीच केलेलं नाही. विस्तारित भत्ता हा जबाबदार पालकांसाठी आहे. चाळीसच्या खाली गेलं की मला 'दुर्लक्ष' असं लिहावं लागतं. मग बालसंरक्षणवाले येतील. समुपदेशन वगैरे होईल."

बादलीतून एक थेंब पडला.

"म्हणजे," इस्त्रीवाली सावकाश म्हणाली, "यांच्या फॉर्मसाठी माझ्याकडे काही नसलं पाहिजे. आणि तुमच्या फॉर्मसाठी सगळं असलं पाहिजे."

"तसं नाही, ताई. दोन्ही निकष आपापल्या जागी—"

"खोली एकच आहे."

मॅडमनी टॅबलेटवर बोट वरखाली फिरवलं. असा प्रश्न प्रशिक्षणात आला नसावा. इस्त्रीवालीला त्यांचा राग येईना. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. लाँड्रीत अशा चादरी यायच्या, कितीही दाबल्या तरी घडी न धरणाऱ्या, धुऊन धुऊन नुसती जाळी उरलेल्या. त्या ती बाजूला टाकायची.

जुने साहेब खुर्चीवरून जपून उठले. "मी जरा गच्चीवर जाऊन येतो. हवा बघतो. माझा फॉर्म बंद झालाय आणि बंद फॉर्म मी कधी उघडत नाही. पंधरा मिनिटं लागतील. गुडघे दुखतात, वीसही लागतील." दारात कमांडरपाशी ते थांबले आणि तोंड न हलवता पुटपुटले, "बाई, मुक्या उभ्या राहिलात काय?"

मग त्या जिन्याने जे पाहिलं ते कुठल्याही फॉर्मवर मावलं नसतं. कमांडरने जिन्याच्या पोकळीत तोंड घालून एकच आरोळी ठोकली, "चढवा!" आणि चार मजले हलले. वर्षानुवर्षं उतरवायची सवय असलेल्या इमारतीला चढवताना मात्र हात आवरला नाही. इस्त्रीवालीचं टेबल आलं, मागोमाग आणखी दोन टेबलं आली. शिंपीदादा घामाघूम होऊन फ्रिज घेऊन आला आणि चौथ्या मजल्यावरून दुसरा, मोठा फ्रिजही आला, कारण 'रक्तनमुने' वाचून मॅडमना शंका येईल असं कुणाला तरी वाटलं. पृथ्वीचा गोल आला. माशांची काचपेटी आली, माशांसकट. कुणाची तरी तीनचाकी सायकल आली, कुणाचं तरी पदक आलं. खोलीत उभं राहायला जागा राहिली नाही आणि इस्त्रीवाली दोन फ्रिजच्या मध्ये धाकट्याला घेऊन उभी.

"हे सगळं," ती निर्विकारपणे म्हणाली, "जरा पुसायला काढलं होतं."

इस्त्रीवालीला वाटलं, आता मॅडम ओरडतील, निदान हसतील तरी. हसल्या असत्या तर तिने त्यांना माणसात घेतलं असतं. पण मॅडमच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तूपुढे 'आहे' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. 'आत्ताच आलं' असा तिसरा नव्हता. जे चौकोनात नाही ते घडलेलं नाही, अशी त्यांची निष्ठा होती. त्यांनी शांतपणे एकेक 'आहे' केलं, माशांना वेगळे गुण दिले आणि शेवटी तर त्यांचे डोळे पाणावले.

"एक्याण्णव! आणि 'भेटीदरम्यान तात्काळ सुधारणा' अशी नोंद करते मी. इतकी सकारात्मक पालक मी पाहिली नव्हती, ताई."

दारातून शिंपीदादाने टाळी वाजवली. कमांडरने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"आता फक्त शेवटचा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "भावंडांची शाळेतली हजेरी. ही आमच्याकडे थेट शाळेकडूनच येते." बोट फिरलं. "मधला मुलगा, उत्तम. मोठी मुलगी..." बोट थांबलं. "बावन्न टक्के? आणि आजही ती जिन्यावरच बसली होती. ताई, असं कसं?"

थोरली टेबलाआड उभी होती. तिने पृथ्वीच्या गोलावरचं बोट काढून घेतलं.

"ती बाळाला सांभाळते," इस्त्रीवाली म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजातली कातरता खरी होती आणि म्हणून ती तिने लगेच गिळली. "माझी पाळी असते तेव्हा. भत्ता मिळाला की बाळ पाळणाघरात जाईल आणि ही शाळेत. अर्ज त्यासाठीच केलाय."

"छान! म्हणजे तुम्हाला उद्दिष्ट कळलंय." मॅडम मनापासून खूश झाल्या. "पण नियम असा आहे की पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली हजेरी असेल तर तिसऱ्याचा भत्ता सहा महिने रोखून ठेवायचा. हजेरी सुधारली की सुरू. तेवढंच प्रोत्साहन."

"भत्ता नाही म्हणून ती शाळेत जात नाही."

"बरोबर."

"आणि ती शाळेत जात नाही म्हणून भत्ता नाही."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. मंद विद्यार्थ्याला अखेर गणित सुटल्यावर शिक्षकाला वाटावा तसा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

गच्चीवरून साहेब खाली आले होते. त्यांनी खोली पाहिली, मासे पाहिले, आणि डोळे मिटून घेतले. "मला काही दिसलं नाही," ते म्हणाले. "चला, मॅडम. गाडी थांबलीये."

पत्र आठवड्याने आलं. संध्याकाळी सासूने ते वाचून दाखवायला सांगितलं. थोरलीने 'रोखण्यात येत आहे' इथपर्यंत वाचलं आणि घडी घालायला लागली.

"सगळं वाच," सासू म्हणाली.

"पुढे काही नाही, आजी. बारीक अक्षरं आहेत नुसती."

"मला मोठी दिसत नाहीत आणि बारीकही दिसत नाहीत. माझ्यासाठी सगळी सारखीच. वाच."

थोरली वाचायला लागली. अटी, पोटअटी, कलमं. धाकटं मांडीवर झोपलं. आणि पार शेवटी, पानाच्या कडेला, हे होतं: निर्णय मान्य नसल्यास कुटुंबातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने कार्यालयात हरकत नोंदवावी, सुनावणीची प्रतीक्षा करणाऱ्या हरकतदारासोबत आलेल्या बालकासाठी कार्यालयात विनामूल्य बालकक्ष उपलब्ध आहे, वेळ दहा ते पाच.

"परत वाच," सासू म्हणाली. थोरलीने परत वाचलं.

"प्रौढ व्यक्ती म्हणजे मी चालेन का गं?"

"तुम्ही तर दोन माणसांइतक्या प्रौढ आहात, आई," इस्त्रीवाली म्हणाली. तिचं लक्ष नव्हतं. ती थोरलीचा गणवेश दाबत होती, जो घालायला उद्याही कुणी नव्हतं. मग तिचा हात थांबला. इस्त्री कापडावर थांबू द्यायची नसते, हे बारा वर्षांत ती पहिल्यांदाच विसरली.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला हरकत आहे का?"

"भरपूर," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून, जेव्हा जेव्हा सकाळपाळी असे तेव्हा, पावणेदहाला थोरली आजीचा हात धरून आणि बाळाला कडेवर घेऊन कार्यालयात जाई, दोघांना तिथे सोडी आणि तशीच शाळेत पळे. पाचला तीच घ्यायला येई.

बालकक्ष भत्त्याच्या विस्ताराबरोबरच थाटात उघडला होता. दारावरची रिबीन अजून एका बाजूने लोंबत होती. आत रंगीत गालिचा, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली खेळणी, एक छोटा पाळणा आणि एक नेमलेली ताई, जिने चार महिन्यांत तीन स्वेटर विणले होते, कारण एकही मूल आलं नव्हतं. कार्यालयात मूल घेऊन येणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. ती मूल ठेवून निवांत बसत नाही, काम उरकून पळते. हे ज्याला ठाऊक नव्हतं त्यानेच तो कक्ष मंजूर केला होता. ताईने धाकट्याला पाहिलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

सासूला टोकन मिळालं. बाहेरच्या बाकावर ती बसली. दुपारी पुकारा झाला.

"आजी, तुमचा नंबर."

"मला काही घाई नाही. या मागच्या पोरीला जाऊ दे, तिला कामावर पोचायचंय."

"तुमचा नंबर जाईल, आजी."

"मग उद्या दुसरा घेईन की."

असे सहा महिने गेले. सासूचा नंबर प्रत्येक वेळी येई आणि सासू प्रत्येक वेळी तो देऊन टाकी. एकदा चुकून सुनावणी झालीच असती, पण फाइल मॅडमकडे होती आणि मॅडम गृहभेटींवर. शिपाई तिला चहा आणून देऊ लागला. धाकटं त्या गालिच्यावर उभं राहायला शिकलं आणि ज्या दिवशी चाललं त्या दिवशी ताईने त्याला चौथा स्वेटर घातला. थोरली वरच्या वर्गात गेली. हजेरी शहाण्णव टक्के.

मग भत्ता सुरू झाला आणि त्याच्यासोबत एक फोनही आला, लाँड्रीत, ऐन वाफेच्या गडबडीत.

"ताई, अभिनंदन!" मॅडम होत्या. त्यांना बढती मिळाली होती. "तुमच्यावर मी अहवाल लिहिला. बावन्नवरून शहाण्णव! भत्ता रोखल्यामुळे हजेरी वाढते हे तुम्ही सिद्ध केलंत."

"मी?"

"तुम्हीच. आता सरसकट धोरणच झालंय. तिसऱ्याचा भत्ता सगळ्यांचाच आधी सहा महिने रोखायचा. हजेरी कितीही असो."

इस्त्रीवालीने रोलरखालून चादर ओढून घेतली. शिंपीदादाच्या तिसऱ्याचा अर्ज गेल्याच महिन्यात गेला होता.

"आणि बालकक्षालाही आता उदंड प्रतिसाद आहे," मॅडम सांगत होत्या. "बाकावर अकरा आज्या बसतात रोज. हरकतींचं प्रमाण का वाढलंय, यावर एक समिती नेमतोय आम्ही. बरं, मुख्य काम. नव्या फलकावर तुमचं कुटुंब घ्यायचं ठरलंय. गुरुवारी फोटोवाला येईल. कपडे आम्हीच पाठवू, फक्त फोटो झाल्यावर परत द्यायचे."

"खिशातल्या टाचण्यांसकट?"

"काय म्हणालात?"

"काही नाही. मॅडम, एक विचारू? खोली कशी ठेवू? उतरवून की चढवून?"

पलीकडे टॅबलेटवर टकटक झाली. बोट बहुधा कुठला तरी चौकोन शोधत असावं.

"नेहमीच्या स्थितीत असू द्या," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी इस्त्रीवाली तळमजल्यावर थांबली. कमांडर दारात वाटाणे सोलत बसली होती.

"गुरुवारी खुर्ची लागेल," इस्त्रीवाली म्हणाली. "आणि मासे."

"दोन्ही?" कमांडरने विचारलं.

"दोन्ही. आणि शिंपीदादाच्या आईला आज रात्री आमच्याकडे पाठवा. आई तिला टोकन कसं घालवायचं ते शिकवणार आहेत."